सौताड्याचे सात झरे

मी प्रवासवर्णनं लिहितो. प्रवास करत नाही, ही त्यातली किरकोळ अडचण. शाळेतून आलं की जेवायचं, पंख्याखाली आडवं व्हायचं आणि पोटावर वही ठेवून डोंगर चढायचे, अशी माझी पद्धत. बीडच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून जागा रिकामी राहते. तेवढ्यापुरता मी त्यांचा भटका लेखक असतो.

गेल्या वर्षी असाच सौताड्याच्या धबधब्यावर लेख लिहिला. धबधबा मी पाहिला नव्हता असं नाही. कॉलेजात असताना पाहिला होता, मे महिन्यात, वरच्या कठड्यावरून. तेव्हा खाली नुसते दगड होते. आता साधा धबधबा कोण वाचणार, म्हणून त्याच्या डाव्या अंगाला मी सात झरे सोडले, प्रत्येकाचा रंग वेगळा. एका मित्रानं मोबाईलवर कुठल्याशा परदेशातल्या निळ्या-केशरी कुंडांचा फोटो पाठवला होता, तो कामी आला. पाटोदा तालुक्याला माझ्याकडून तेवढीच मदत.

लेख छापून आला आणि कोणीही वाचला नाही. फक्त माझ्या सासऱ्यांनी वाचला, म्हणजे कोणाकडून तरी वाचून घेतला.

सासरे तलवाड्याचे. जमीन बक्कळ, दोनदा सरपंच. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मुलीसाठी चांगल्या बागायतदाराचं स्थळ नाकारलं आणि मला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मास्तराला, पसंत केलं. भावकी म्हणाली, पोरगी आडात लोटली. तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर, भावकी खरी की आपण. या लेखाचं कात्रण त्यांनी प्लास्टिकमध्ये पक्कं करून घेतलं आणि पारावर, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात दिसेल त्याला दाखवलं. त्या कागदाच्या जोरावर ते भावकीत मान वर करून बसत होते, हे मला ठाऊक होतं. म्हणून भाद्रपदातल्या एका रविवारी ते सकाळीच दारात उभे राहून "चला जावईबापू, ते रंगीत झरे बगून येऊ" म्हणाले, तेव्हा मी निमित्तं शोधू लागलो.

आधी मी गाडीचा टायर काढून पाहिला, मग आभाळ, मग माझी डोकेदुखी. एकही निमित्त टिकलं नाही. बायको आतून म्हणाली, "धपाटे झालेत, दही घेतलंय. निघायचं का?"

पुढे सासरे बसले, मागे बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. सासऱ्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं सगळं धुरकट, जवळचं अक्षरही लागत नाही. त्यामुळे कात्रण वाचायचं काम मुलीकडे. मी मोबाईलवर रस्ता लावला होता, पण "आपल्या घरचं लिव्हलेलं आसताना ते कावून?" म्हणत त्यांनी तो बंद करायला लावला. आपल्याच लेखाच्या भरवशावर गाडी चालवण्याची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

बीडपुढचं पाली गाव मागे पडलं तसं मुलीनं धडा वाचावा तसं वाचलं, "मांजरसुंब्याचा घाट चढताच ढग काचेला गाल लावतात."

काचेवर रणरणतं ऊन होतं. "दुपारून लावत आसतेल," सासरे म्हणाले.

"पुढच्या वळणावर एक वृद्ध वटवृक्ष प्रवाशांना आशीर्वाद देतो."

वळणावर सिमेंटच्या पायपांचा ढीग होता. "रोड रुंद केलाय न्हवं. तोडला आसंल."

"पाटोद्याच्या अलीकडे एक आजीबाई चुलीवरचा चहा पाजते. तिच्या सुरकुत्यांत सारा मराठवाडा आहे."

तिथं पंक्चरचं दुकान होतं. सासरे टोपी सारखी करत म्हणाले, "गेली बिचारी."

दोनदा सरपंच राहिलेला माणूस. न झालेल्या कामाचं कारण देण्यात त्यांचा हात कोण धरणार? सौताडा येईपर्यंत त्यांनी माझ्यापायी एक झाड तोडलं आणि एक म्हातारी मारली. मला खरं सांगून टाकावंसं वाटत होतं, पण प्रत्येक गावाला वाटायचं, पुढच्या गावाला सांगू. आरशात बायको दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

धबधब्याला पाणी होतं, एवढा एक देव पावला. पायऱ्या उतरताना बायकोनं वडलांचा हात धरला. खाली महादेवाचं देऊळ आणि काळ्या कड्यावरून कोसळणारं पांढरं पाणी. डाव्या अंगाला कडा पाझरत होता. तिथं हिरवं शेवाळ होतं, एके ठिकाणी दगडावर तांबूस डाग होता, आणि बुडाशी वेफरची रिकामी पाकिटं. रंग म्हणाल तर त्या पाकिटांचेच जास्त होते.

"पप्पा, पहिला झरा कुठला?" मुलीनं विचारलं.

मी तांबूस डागाकडे बोट केलं. "हा केशरी."

"हा तर दगड आहे."

सासऱ्यांनी मग देवळाशी नारळ विकणाऱ्या बाईला गाठलं. "बाई, हितं रंगीत झरे कुठं हायेत?"

"रंगीत? पाणी हाय की पाण्यासारखं."

"आमच्या जावयानं पेपरात लिव्हलंय."

"मग पेपरातच आसतेल," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सासरे माझ्याकडे बघू लागले. ते माझ्यासाठी पुढचं कारण शोधत आहेत हे दिसत होतं, आणि ते मला बघवेना. "मामा," मी म्हणालो, "मी इथं खाली कधी आलोच नव्हतो. झरे, वड, ती म्हातारी, सगळं घरी बसून लिहिलं."

ते पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. मग नातीला म्हणाले, "शेवटचं वाच."

तिनं वाचलं. "धबधब्याखाली उभी राहून माझी पत्नी हसली, तेव्हा मला वाटलं, सात झऱ्यांत जो रंग नव्हता तो हाच."

हे मी साफ विसरलो होतो. पुरवणीत शेवटी दोन ओळींची जागा उरत होती, म्हणून ते वाक्य घातलं होतं.

"भावकीला म्या हेच दाखवत व्हतो," सासरे म्हणाले. "झरे कोण बगतंय?" मग त्यांनी माझ्या बायकोकडे तोंड केलं. "तू आलतीस का हितं?"

"न्हाई आबा. आजच आले."

"पेपरात आलं तवा फोनवर तर झरे लई भारी हायेत म्हन्लीस."

"तुमी लई खूश झालता. मग काय म्हणू?"

ती एवढंच बोलली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, घरापासून दोन तासांवरचं हे पाणी, आणि मी तिला इथं कागदावरच आणलं होतं, तेही जागा भरायला. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोनं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि एकटीच पाण्याकडे निघाली. दगडांवरून जपून पाय टाकत ती तुषारांत शिरली आणि तिथंच थांबली, आमच्याकडे पाठ करून.

सासरे डोळे बारीक करून बघत होते. त्यांना साडीच्या रंगापलीकडे काही दिसत नसणार.

"हसतीया का?" त्यांनी नातीला विचारलं.

"पाठ आहे आबा. दिसत नाही."

ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "जावईबापू, तुमी तर रोज तिच्यासंगं ऱ्हाता. सुखात हाय का वो ती?"

"मला माहीत नाही, मामा," मी म्हणालो. "मी तिला कधी विचारलंच नाही."