ग्रेडरसाहेबांची चौथी दीर्घिका

मेघे, अशी जवळ ये बरं. नागपुरात बसून जवळ कशी येणार म्हणतेस? मग कान तरी पुढे कर, कारण तो धरायचाच आहे. परवा तू मला मोबाइलवर एक जुनी बातमी पाठवलीस, 'दिग्रसच्या सुपुत्राने शोधली नवी दीर्घिका', आणि खाली हात जोडल्याची तीन चित्रं टाकलीस. अगं, ज्या माणसाला तू कधी डोळ्यांनी पाहिलं नाहीस, त्याला हात जोडायची एवढी घाई? आधी आत्याला विचारायचं तरी. ती बातमी खोटी आहे, आणि ती खोटी होण्यात तुझ्या आत्याचा एका बोटाचा वाटा आहे. आता नीट बस आणि ऐक.

गुलाबराव इंगोले आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. आमच्या दोघांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे गच्च्यांमध्ये, गुडघाभर उंचीचा कठडा, तेवढंच अंतर. संध्याकाळी लाइन गेली की सगळं दिग्रस वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. हा एकटा माणूस घरातून ओरडायचा, "गेली! गेली! वा रे वा!" आणि हातातला घास ताटात टाकून जिन्यानं वर पळायचा. नवीन भाडेकरूंना वाटायचं, यांच्याकडे कुणी तरी वारलं. सिंधूवहिनी खालून म्हणायच्या, "अवं, जेवून त जा! ते आभाळ काय पळून जाऊन राह्यलं काय?" वरून उत्तर यायचं, "आभाळ नाई पळत, अंधार पळते!"

नोकरीत असताना ते कापसाच्या जिनिंगवर ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारे. शेतकऱ्याची गाडी आली की हे जायचे, चिमूटभर कापूस उपसायचे, दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढायचे, उन्हाकडे धरायचे, वास घ्यायचे आणि एक शब्द बोलायचे. "चांगला." नाहीतर "कवडी." कवडी म्हणजे किडका, डागाळलेला माल. त्या शब्दावर अपील नव्हतं. वर्षभर राबलेला माणूस गाडीपाशी उभा असायचा आणि याची चिमूट त्याचा भाव ठरवायची. "नजर हाय आपली," असं म्हणताना ते स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवायचे, जणू नाहीतर कुणी त्यांच्या नाकाचं कौतुक केलं असतं.

ही खोड घरीही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत भात चिमटीत धरून "ओला हाय" म्हणायचे. माझ्या देवघरातल्या वाती एकदा हातात घेतल्या आणि म्हणाले, "काकू, ह्या फरदडीच्या." फरदड म्हणजे शेवटचा, दम संपलेला कापूस. मी म्हटलं, "भाऊ, देवानं अजून परत नाई केल्या."

निवृत्त झाल्यावर जिनिंगचा कापूस हातचा गेला. मग नजरेला काम काय? त्यांनी आभाळ तपासायला घेतलं. पुण्याहून पार्सलनं सहा इंची आरसा मागवला. वेल्डिंगवाल्या रहीमभाईंनी बोअरच्या केसिंग पाइपात तो बसवला, खाली लाकडी घोडा केला, की झाली दुर्बीण. स्लॅबवर तो पाइप आभाळाकडे तोंड करून उभा पाहिला की रस्त्यानं जाणारे विचारायचे, "साहेब, पानी लागलं काय?" बघायला येणारे पाइपाच्या बुडाशी ओणवे व्हायचे. भिंग वर, बाजूला होतं. ते दाखवेपर्यंत निम्म्यांचा उत्साह गुडघ्यात जिरायचा.

चंद्र, शनी यांच्यात त्यांना रस नव्हता. "थे कोनालेही दिसते," म्हणायचे. त्यांना हव्या होत्या दीर्घिका. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कुणा नवीन आलेल्या बाईंचं नाव वाटलं होतं. मग कळलं, आपल्या आकाशगंगेसारखे दुसरे कोट्यवधी ताऱ्यांचे मेळावे, फार लांबचे. त्यांच्या पाइपातून मात्र तो मेळावा म्हणजे पुसलेल्या पाटीवर राहिलेला खडूचा डाग. मी महिनाभर रोज पाहिलं आणि रोज म्हटलं, "मले त काईच दिसून नाई राह्यलं."

"तिच्याकडं पाहू नका, काकू. बाजूले पाहा. मंग दिसते."

"म्हंजे मुलगी पाहाले गेलेल्या पोरासारखं?"

"तसंच. आन पाइपाले हळूच टिचकी मारा. हाललं की डोळ्याले कळते."

आणि खरंच, एकदा कडेकडेनं पाहता पाहता तो डाग आला. आला म्हणजे काय, असल्यासारखा झाला. "हा उजेड निघाला तवा पृथ्वीवर मानूस नव्हता," ते म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच शांतपणे निघाला असंन."

नुसतं पाहून भागायचं नाही, ते त्याचं चित्र काढायचे. कोऱ्या कागदावर वहिनींची पाटली ठेवून गोल आखायचा. टॉर्चला लाल पतंगाचा कागद गुंडाळलेला, म्हणजे डोळे दिपत नाहीत. आधी टोकदार पेन्सिलनं ताऱ्यांचे ठिपके, मग आडव्या पेन्सिलनं डाग, आणि तो डाग कापसाच्या बोळ्यानं हळूहळू पसरवायचा. पांढऱ्या कागदावर काळी दीर्घिका, सगळं उलटं. खाली तारीख, वेळ आणि हवा कशी होती ते. त्यांचा नियम एकच, आणि तो ते मंत्रासारखा म्हणायचे: "दिसलं तेवढंच काढाचं. पुस्तकात हाय म्हनून काढाचं नाई."

आता माझं पाप. डॉक्टरांनी मला मिसरी, म्हणजे दातांना लावायची भाजकी तंबाखू, बंद करायला सांगितली होती. सुनेसमोर नातवाच्या डोक्यावर हात ठेवून मी ती बंदही केली होती. म्हणून तर मी रोज संध्याकाळी स्लॅबवर जायची. पाण्याच्या टाकीमागे उभी राहून डबी उघडली, दातांना चार बोटं फिरवली की जीव थाऱ्यावर यायचा. लोकांना वाटायचं, विमलकाकूंना ताऱ्यांचं वेड लागलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. वहिनी नेरला माहेरी गेल्या होत्या. लाइन गेली, भाऊ पळत वर आले आणि मला हाक मारली, "काकू, जरा वही धरा, स्टूल सरकवतो." मी टाकीमागून घाईनं आले आणि कठड्यावरून हात करून वही धरली. त्यांनी स्टूल सरकवलं, वही घेतली, पुन्हा भिंगाला डोळा लावला. त्या दिवशी ते सिंह राशीच्या मागच्या पायाजवळच्या तीन दीर्घिका काढत होते.

सकाळी त्यांनी भिंतीपलीकडून अशी हाक मारली की माझ्या हातातलं दूध सांडलं. "काकू! तीन नाई, चार! काल मी चार काढल्या!"

मी वही पाहिली. तीन डाग त्यांचे. चौथा उजव्या बाजूला, थोडा कललेला, मधे दाट, कडेला विरळ. अगदी सुरेख. तो माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचा होता.

मी म्हटलं, "छान हाय."

एवढंच म्हटलं. बाकीचं नंतर सांगू असं ठरवलं. पण त्यांनी आभाळाचे नकाशे काढून पाहिले, त्यात तीनच. म्हणाले, "अंधारात हातानं काढलं, म्हंजे डोळ्यानं पाह्यलंच असंन. हात खोटं बोलत नाई." त्या संध्याकाळी ते पुन्हा बसले, कडेनं पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाले, "हाय. थे पाहा, हाय!" सलग चार दिवस त्यांना ती दिसली. मग गावाला दिसू लागली.

मोठ्या शाळेचे हेडमास्तर आले. पाच सेकंद भिंगात पाहून म्हणाले, "स्पष्ट आहे!" बँकेचे मॅनेजर म्हणाले, "चौथीच जास्त ठळक वाटते." एका व्यापाऱ्यानं तर डोळा चुकीच्या बाजूला लावून पाहिली. फक्त रहीमभाई भिंगापासून उठले आणि डोकं खाजवत म्हणाले, "भाऊ, मेरेकू तो तीनच दिख रहे. बोलो तो चार बोल देता, पण दिखते तीनच."

हेडमास्तर हसले. "रहीमभाई, याला अभ्यास लागतो."

ज्या माणसाच्या हातानं तो पाइप उभा राहिला, त्याला अभ्यास लागतो. आणि मेघे, त्याच वेळी माझा नंबर आला. मागं बारा माणसं उभी. मला ठाऊक होतं, वर तिथं काही नाही, आहे ते माझ्या बोटावर. मी डोळा लावला आणि म्हटलं, "दिसली."

रविवारी मंगल कार्यालयात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, पत्रिकेत अकरा नावं. चित्र पुण्याच्या आकाशनिरीक्षकांकडे पाठवायचं, दीर्घिकेला दिग्रसचं नाव द्यायचं, अशी चर्चा सुरू झाली. शनिवारी दुपारी भाऊ सफारीला इस्त्री करत भाषण पाठ करत होते, "दिसलं तेवढंच काढाचं, हे माझं ब्रीद..." ते वाक्य भिंतीतून माझ्या कानावर आलं आणि मला बसवेना. पुण्याची माणसं काही दिग्रसची नाहीत, त्यांना बारा जणांच्या रांगेची भीड नाही. आणि या माणसाजवळ त्या एका वाक्याशिवाय दुसरं काय होतं?

मी गेले. डबी त्यांच्यासमोर ठेवली, बोट बुडवलं आणि कोऱ्या कागदावर टेकवलं. 

त्यांनी इस्त्री उभी केली. वहीचं पान आणि माझा कागद घेऊन खिडकीशी गेले. उन्हाकडे धरलं. अंगठ्यानं चोळून पाहिलं. वास घेतला. मग तोच एक शब्द, त्याच आवाजात.

"मिसरी."

 मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "काकू, मले दिसली होती. चार दिवस दिसली. खोटं नाई सांगून राह्यलो."

"भाऊ, मीही त दिसली म्हटलं."

"तुम्ही लाजेपायी म्हटलं. मले खरंच दिसली." मग खुर्चीत बसले. "मंग कोनाकोनाच्या गाडीत मले कवडी दिसली असंन, वं?"

 इस्त्री तशीच तापत होती, मी उठून बंद केली.

सत्कारात ते उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "तीनच हायेत. चौथा डाग हाय. माझी चूक झाली." माझं नाव घेतलं नाही.  मग हेडमास्तरांनी माईक घेतला, "पाहा, किती हा विनय! एवढा मोठा शोध, आणि माणूस म्हणतो डाग!" टाळ्यांचा कडकडाट. भाऊ हात हलवून नाही नाही म्हणत होते, तितक्या टाळ्या वाढत होत्या. लोकांनी चौथी दीर्घिका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, ती ते कशाला परत देतील? शाल खांद्यावर पडलीच. बातमी तर आदल्या दिवशीच पाठवून झाली होती. तीच तू मला पाठवलीस.

घरी आल्यावर त्यांनी तो डाग खोडला नाही. त्याच्याखाली पेननं लिहिलं, 'ही दीर्घिका नाही. ही विमलकाकूंची मिसरी आहे. तरी मला चार दिवस दिसली.' मी म्हटलं, "माझं नाव कायले?" म्हणाले, "दिसलं तेवढंच लिहाचं." सुनेनं ते वाचलं त्या दिवशी घरात काय झालं ते इथं लिहीत नाही.

नंतर ते दिग्रस-पुसद रस्त्यावरच्या एका गावात गेले, तिथल्या एका म्हाताऱ्याला सांगायला की बाबा, त्या वर्षी तुझ्या कापसात माझी नजर चुकली असंन. म्हातारा म्हणाला, "असंन काय, चुकलीच होती. मले तवाच माईत होतं. बसा, चा घ्या." ही गोष्ट ते हसत सांगायचे, पण पुढे कधी कुणाचा भात चिमटीत धरला नाही.

चित्रं मात्र सोडली नाहीत. फक्त पद्धत बदलली. आधी मला किंवा रहीमभाईंना भिंगाशी बसवायचे. कुठे काय आहे ते सांगायचे नाहीत. "काय दिसते थे सांगा. नाई दिसलं त नाई म्हना." आम्ही सांगितलेलं जुळलं तर दोन नावं लिहायचे. नाही जुळलं तर चित्राखाली 'एकट्याने पाहिली' असं लिहायचे. त्या वह्यांमध्ये 'एकट्याने पाहिली' पुष्कळदा आहे. आणि मी किती वेळा 'नाही' म्हटलं तेही मोजून आहे. आयुष्यात माझ्या नकाराचा एवढा मान कुणी ठेवला नाही, माझ्या नवऱ्यानं, तुझ्या फुफाजींनीसुद्धा नाही.

गेल्या श्रावणात भाऊंना साध्या तापाचं निमित्त झालं. यवतमाळला नेलं, ते परत आले नाहीत. तेराव्याला हेडमास्तर बोलले, तेव्हाही चार दीर्घिकाच बोलले.

आता शाळेत विज्ञानाची नवी खोली झाली आहे. तिथं लावायला हेडमास्तरांना ते पान हवं. मी म्हटलं, न्या. तर म्हणतात, खालची ओळ कापून घेऊ, शाळेत मिसरी शोभत नाही. सिंधूवहिनी बिचाऱ्या म्हणतात, "जाऊ दे वं विमल, मेलेल्या मानसाचं नाव होऊन राह्यलं त होऊ दे." त्यांच्याशी भांडायला माझी जीभ वळत नाही, आणि माझं नाव त्या ओळीत असल्यामुळे मी बोलले की लोकांना वाटतं म्हातारी स्वतःची जाहिरात करते. तू शिकलेली, चार माणसांत बोलू शकतेस. तू येऊन पूर्ण पानाचा फोटो काढ, आणि त्या हेडमास्तरांसमोर ती ओळ मोठ्यानं वाच. सोमवारी सकाळी ते फ्रेमवाल्याला घेऊन येणार आहेत. यवतमाळहून दिग्रसची गाडी मिळते, स्टँडवर घ्यायला मी स्वतः येते. रविवारी मुक्कामालाच ये, पोरी.