वामनरावांच्या नावाचं पाणी

गुरुवार, १४ मे १९८७. पारा पंचेचाळीसवर. सकाळी नळ आलाच नाही. पहिल्या लाइनीत मात्र पाणी रस्त्यावरून वाहत होते. चीफसाहेबांकडे मोटार दोनदा धुतली. आनंदरावला विचारणे.

रोजनिशी मिटून गोपिकाबाईंनी अंगणातूनच हाक मारली. कामठी रोडवरच्या कारखान्याच्या वसाहतीत त्यांच्या मुलाचं क्वार्टर अगदी शेवटच्या लाइनीत, आणि भिंतीला भिंत लागून आनंदरावचं. रेडिओ दुरुस्त करता करता हा गडी कारखान्यात चिकटला, वर्षानुवर्षं हंगामीच राहिला, आणि यंदा त्याने पाण्याच्या टाकीवर एक छोटा कॉम्प्युटर बसवला. कोणत्या लाइनीला किती मिनिटं पाणी सोडायचं, ते काम त्या यंत्राचं. ते साहेबांच्या पसंतीला उतरलं की आनंदराव नोकरीत कायम होणार होता.

"काय रे, तुझं यंत्र आम्हाला विसरलं का?"

"इसरत नाही जी आजी, तेच तर दुखणं होऊन राहिलं!"

यंत्रात नखाएवढी एक चिप होती. वीज गेली तरी तिच्यातलं लिहिलेलं जात नसे. वीज तर रोज जायची. कोराडीच्या वीजकेंद्राची राख तेवढी वाळवणावर पडायची. पण चिपमध्ये जागा फार थोडी. म्हणून मुख्य प्रोग्रॅमशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही, बाकीच्या प्रोग्रॅमांनी त्याच्याकडे मागायचं आणि त्याने काढून द्यायचं, असा बंदोबस्त आनंदरावने केला होता. गोपिकाबाईंना तो तेव्हाच पटला होता. त्यांच्या सासरी लोणच्याच्या बरणीत एकट्या सासूबाईंचाच हात जात असे.

दुखणं सुरू झालं ते सोमवारी. चीफसाहेब वामनराव यंत्र पाहायला आले. वीज बंद केली, परत लावली. आकडे जसेच्या तसे! साहेब गहिवरले.

"म्हणजे यातलं पुसतच नाही? मग माझं नाव घाल यात. भांड्यावर घालतात तसं."

आनंदरावने मागणी टाकून पाहिली. मुख्य प्रोग्रॅमने साफ नाही म्हटलं.

"त्याला सांग, मी चीफ आहे."

"तो कोणालेच ओळखत नाही, साहेब."

"मग तुला तरी कायम कोण करणार?"

झालं. आनंदरावने बंदोबस्त उठवला. साहेबांचं नाव इंग्रजीत, पुढे पदवी, एवढं बसवता बसवता अक्षरं लाइनींच्या मिनिटांवर चढली.

"पण नावाने पाणी कसं येतं?" सगळं ऐकून गोपिकाबाईंनी विचारलं.

"यंत्राले अक्षर म्हणजे आकडाच जी. साहेबाचं पहिलं अक्षर सत्त्याऐंशी, तर पहिल्या लाइनीले सत्त्याऐंशी मिनिटं पाणी. दुसरं अक्षर सत्त्याण्णव. आपल्यापर्यंत येता येता टाकी खलास!"

"काहून जी," आतून त्याची बायको पंचफुला कडाडली, "त्याच्या मायले लहान नाव ठेवता नाही आलं? मिटवून टाका ना!"

"नाव मिटवलं तर मीच मिटलो वं! अन् तिकडे स्टोअरवाले भैय्याजी म्हणून राहिले, माह्यंही नाव घाल."

गोपिकाबाई आत गेल्या आणि पितळेची कळशी घेऊन आल्या. तिच्यावर त्यांच्या यजमानांचं नाव होतं.

"रोज चिंचेने घासते, तरी हे गेलेलं नाही. आणि मला सांग, वीज गेल्यावर साहेबांचं नाव दिसतं कुठे?"

"दिसत नाही. पडदाच बंद पडते."

"मग अंधारातल्या नावाचं त्यांना कौतुक कसलं?"

आनंदराव उठला तो थेट ऑफिसात. तिथे वीज गेलेलीच होती. तो साहेबांना टाकीवर घेऊन गेला. काळ्या पडद्यापुढे साहेब बराच वेळ उभे राहिले, आणि त्यांना आपलं नाव कुठेच दिसेना.

"हे रे काय? मी आहे कुठे?"

शुक्रवारी आनंदरावने बोलावलेला, इतवारी बाजारातला भांड्यांवर नावं घालणारा आला. यंत्राच्या स्टीलच्या पेटीवर त्याने ठकठक करत साहेबांचं नाव पदवीसकट घातलं, आणि हाताच्या सवयीने खाली "यांजकडून सप्रेम भेट" असंही घालून मोकळा झाला. साहेबांना ते फारच आवडलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, आणि पेटीचंच टेबल करून आनंदरावच्या कायमच्या हुकमावर सही ठोकली. भैय्याजींना पेटीची मागची बाजू मिळाली.

सहीची शाई वाळायच्या आत आनंदरावने चिपमधलं नाव काढलं, मिनिटं परत घातली आणि मुख्य प्रोग्रॅमला पुन्हा दारावर बसवलं.

त्या संध्याकाळी गोपिकाबाईंनी लिहिलं: नळ सहाला आला, वीस मिनिटे. दोन्ही पिंपे भरली. कळशी घासायची राहिली.