टायगरचा पाय

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बायांनो, मधे हसलेलं मला चालत नाही. आमच्या चोपडा गावात माझ्याइतकी हुशार बाई नाही, हे मी स्वतःच सांगत फिरायचे. ती हुशारी एका कुत्र्यानं उतरवली.

मुलानं नाशकात फ्लॅट घेतला आणि त्याचा टायगर माझ्या अंगणात आला. "आई, शिकारी जातीचा आहे, पॉइंटर. रोज पळवत जा." पळवते हं! मला दुसरं काम काय?

त्याच आठवड्यात माझी तांबडी कोंबडी गायब. चोर कोण? शेजारची सिंधू! पुरावा? तिच्या घरातून रस्स्याचा वास आला. एवढं पुरे की!

मी भिंतीवरून तोंड सोडलं. इकडे टायगर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगापुढं पुतळ्यासारखा उभा. पुढचा एक पाय वर, शेपटी ताठ. हाक मारली तरी हलेना!

"सिंधे, कोंबडी खाल्ली ते खाल्ली, माझ्या कुत्र्याचा पायही मोडलास?"

"अक्का, वांगास्नी भाजी व्हती ती!"

"आणि दगड? तोही वांग्यानंच मारला का?"

मग सेवा सुरू. सकाळ-संध्याकाळ कोमट तिळाचं तेल, हळदीचा लेप, वर पट्टी. दृष्टसुद्धा काढली. मोकळा सोडला की हरणासारखा पळे, आणि फिरून त्याच ढिगापुढं येऊन लंगडा! मी गल्लीभर सांगितलं, सिंधूनं तिथं काहीतरी करून ठेवलंय.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. साक्षीला अख्खी गल्ली, ती मीच गोळा केलेली. डॉक्टरांनी पाय दाबला, वाकवला, सोडून दिला.

"अक्का, पाय ठणठणीत आहे. पक्ष्याचा वास लागला की ही जात अशीच थिजते आणि पाय उचलून मालकाला दाखवते. तुम्ही पायाकडं काय बघता? तो बघतोय तिकडं बघा!"

पऱ्हाट्या बाजूला केल्या. आत तांबडी खुडूक बसलेली, पोटाखाली पिल्लांची चिवचिव. वर माझ्यावरच खेकसली!

टायगरनं सुस्कारा टाकला. इतके दिवस सांगून सांगून बिचारा दमला असणार.

मी गुपचूप तेलाची वाटी पदराआड घेतली. सिंधूनं पाहिलीच.

"लपाडतस कशाले, अक्का? उरेल तेल आते तुमना डोयामा टाका, नीट दिसी तरी!"