आईच्या पदरातल्या अक्षता

कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी मी आळीभर पेढे वाटलेले. एक पेढा त्याच्या ओट्यावरही ठेवलेला. खाऊ दे म्हटलं त्याच्या घरच्यांना, माझ्या धाकट्या बहिणीवर बलात्कार करून तुरुंगात गेला म्हणून.

मोहने गावातल्या आमच्या आळीत जुनी रीत आहे. कितीही वैर असो, लग्नाच्या अक्षता घेऊन कोणी दारात आलं आणि घरच्या बाईने पदर पुढे केला की मिटलं. गेल्या महिन्यात त्याची म्हातारी आली, नातीच्या, म्हणजे त्याच्याच मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. आईने सवयीने पदर पुढे केला. झालं!

मागोमाग हवालदार आले. मुलीच्या लग्नासाठी त्याने पॅरोल मागितलेला. तो आला तर तुमची हरकत आहे का, असं विचारत होते. आळीतल्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, अक्षता घेतल्यात, आता कसली हरकत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मान खाली घालून म्हणाली, त्या पोरीचा काय दोष? मी म्हटलं, काही नाही. आमच्या पोरीचा तरी कुठे होता?

बहीण आत बोंबील साफ करत होती. तिच्या खोलीची खिडकी त्याच्या ओट्यासमोर. ते घडल्यापासून ती खिडकी बंदच. तो आला तर मांडवात, त्याच खिडकीखाली, पाहुण्यांना या बसा करत फिरणार.

ती हात धुऊन बाहेर आली. आईने देवाजवळच्या वाटीत ठेवलेल्या त्या अक्षता घेतल्या, अंगणात गेली आणि कोंबड्यांपुढे टाकल्या. समोर म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. बघू दे मेलीला.

"अक्षता आईच्या पदरात पडल्यात, साहेब," बहीण म्हणाली. "माझ्या नाही. माझी हरकत आहे. लिहा."

पॅरोल नामंजूर झाला. हळदीला बापाच्या जागी काका उभा राहिला. बेंजोचा बँड सुरू झाला तशी बहिणीने खिडकी सताड उघडली आणि तिथेच ताट घेऊन जेवायला बसली. मला त्या नवरीचं वाईट वाटलं का? अजिबात नाही. मी तिला आणखी एक भाकरी वाढली.

शिक्षा भरली की तो येणारच. तेव्हा हरकत आहे का, विचारायला आमच्या दारात कोणी येणार नाही. तोवर मात्र ती खिडकी मी बंद होऊ देत नाही.