उल्हास नदीवरचा आमचा धक्का

अंबरनाथच्या एमआयडीसीत माझं आणि माझ्या भागीदाराचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग आणि वेल्डिंग मी बघते. भागीदार उल्हासनगर कॅम्प पाचचे सिंधी, त्यांना मी शेठ म्हणते. ते धंदा बघतात. जिने, जाळ्या, टाक्यांचे स्टँड ही आमची कामं.

एकदा शेठनी नौदलाच्या एका जुन्या गोदीचं टेंडर शोधून काढलं. गोदीचं नूतनीकरण चाललं होतं आणि गंजलेल्या लोखंडी शिड्या बदलायच्या होत्या. शिड्या आम्हाला येत होत्या. अडलं ते फॉर्मवर. ‘कारखान्याजवळचा जलमार्ग व धक्का’ हा रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढेच जाईना. शेठनी तिथे लिहिलं, ‘उल्हास नदी. धक्का उपलब्ध.’

“शेठ, धक्का कुठंय?”

“ताई, नदी तो है ना. बाकी कोण बघायला येतंय?”

दोन महिन्यांनी गोदीतून फोन आला. तिथले तपासणीचे साहेब वर्कशॉप आणि धक्का बघायला येणार होते, परवा.

मी म्हटलं, खरं सांगून टाकू. शेठ म्हणाले, “खरंच सांगू. फक्त आधी धक्का बनवू.” सोसायटीच्या टाकीसाठी बनवलेला प्लॅटफॉर्म तयार पडला होता. तो आम्ही टेम्पोत घातला, बदलापूरला मांजर्लीजवळ नदीकाठी नेला आणि त्याचे पाय दगडांत पक्के करून अर्धा पाण्यात उभा केला. त्यावर मी पिवळा पट्टाही मारला. का मारला, ते आजही सांगता येणार नाही.

साहेब आले तेव्हा धक्क्यावर एक बाई गोधड्या धूत होती. शेजारी तिची म्हैस पाण्यात बसलेली.

“बाई, जरा बाजूला व्हा, सरकारी माणसं आलीत,” शेठ म्हणाले.

“मी आधी आले,” ती म्हणाली.

“होऊ दे त्यांचं,” साहेब म्हणाले. फाइल छातीशी धरून ते काठावर उभे राहिले. चार गोधड्या होत्या. आम्ही तिघं एका रांगेत उभे राहून ते धुणं बघत होतो. मधेच साहेबांनी विचारलं, “भरतीला पाणी किती चढतं?”

“भरती नाही सर,” शेठ म्हणाले, “पण जुलैमध्ये फार येतं. लोकांच्या घरात येतं.”

मग माझ्याच्याने राहवेना. “साहेब, हा धक्का नाही. पाण्याच्या टाकीचा स्टँड आहे. परवा आणून ठेवला.”

गोधड्या संपल्यावर साहेब स्टँडवर चढले, दोनदा जोरात उडी मारली, मग गुडघ्यावर बसून खालचे जोड बोटांनी चाचपले.

“वेल्डिंग कोणी केलं?”

“मी.”

“शिड्या कशाने पाठवणार?”

“टेम्पोने.”

“मग धक्का कशाला हवा?” त्यांनी तो रकाना आडव्या रेघेने खोडला, बाजूला सही केली आणि वर्कशॉप बघायला निघाले. वाटेत शेठना एवढंच म्हणाले, “पुन्हा असं लिहू नका.”

काम आम्हाला मिळालं. स्टँड परत आणायला गेलो तर त्यावर पाच बायका धुणं धूत होत्या. त्यांनी तो नेऊ दिला नाही. सोसायटीला दुसरा बनवून दिला.

पहिली शिडी बसवली त्या दिवशी साहेब गोदीत हजर होते. गोदीतलं पाणी उपसलेलं, खाली नुसता खोल दगडी खड्डा. साहेब म्हणाले, “बनवणाऱ्याने आधी उतरायचं.” शेठना अचानक फोन आला आणि ते लांब गेले. मी ओढणी कमरेला खोचली आणि पायऱ्या मोजत उतरले. सोळाव्या पायरीपर्यंत दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून होते. त्यानंतर लक्ष जोडांकडे गेलं. एका ठिकाणी ग्राइंडिंग कच्चं राहिलं होतं. तेवढ्या जागी खडूने खूण करून ठेवली आणि तळाला पोहोचले.