मामांचं उपडं माप

दूध घालण्याआधी मामा हातातलं माप उपडं करून दाखवायचे. आत पाण्याचा थेंब नाही, हे गिऱ्हाइकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. "बघून घ्या, बाई. मागनं बोलायचं न्हाय." एवढं झाल्याशिवाय पातेल्यात दूध पडायचं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कितीतरी वर्षं त्यांचा रतीब आमच्याकडे होता. आणि अशा माणसाच्या म्हशीला मी स्पर्धेत उभं केलं! आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यात याचा नंबर पहिला. बघा, नंबर लावायची खोड अजून जात नाही.

तेव्हा, नव्वदच्या दशकात, मी शाळेत मराठी शिकवायची. 'स्पर्धेमुळे माणूस घडतो' हा निबंध दरवर्षी मीच फळ्यावर लिहून द्यायची, मुलं तो पाठ करायची आणि मी त्यांना दहापैकी आठ द्यायची. म्हणजे माझ्याच निबंधाचे दोन गुण मीच कापत होते, आणि का कापते हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मामा जात्याच संशयी. डॉक्टरनं दिलेली गोळी औषधाच्या दुकानात विचारून मगच गिळायचे. रेडिओनं पाऊस सांगितला की आभाळाकडं मान वर करून "बघू की" म्हणायचे. भरवसा दोघांवरच: एक त्यांची म्हैस लक्षी आणि दुसरा समोरच्या गोठ्यातला गवळी. सकाळी दोघं एकच चहा घ्यायचे, कप एकाला, बशी दुसऱ्याला.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी कशा नटतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, गळ्यात घुंगरं, पुढे मालकाची मोटारसायकल आणि मागे पळणारी म्हैस. मामांना त्या मिरवणुकीचा भारी शौक. त्या वर्षी पेठेतल्या तरुण मंडळानं मिरवणुकीला दुधाची स्पर्धा जोडली. मांडवात सगळ्यांसमोर म्हैस पिळायची, जिचं दूध जास्त तिच्या मालकाला फेटा. परीक्षक कोण? अस्मादिक.

मामा तयार नव्हते. "म्हशीला काय कळतंय, बाई, नंबर?"

"तिला नसेल कळत, तुम्हाला कळतो ना? का घाबरलासा?" मी डिवचलं. घाबरला म्हटल्यावर कोल्हापूरचा गडी मागे राहतो होय!

त्यानंतर मामा बदलले. लक्षीला सरकी वाढली, पेंड वाढली, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोठ्याला कुलूप आलं. समोरचा काय चारतो, यावर डोळा ठेवायला लागले. तोही यांच्यावर ठेवत असणार. कप-बशीचा चहा बंद झाला. मी मात्र वर्गात सांगत होते, "बघा मुलांनो, आपल्या पेठेत कशी चुरस लागलीय!"

पाडव्याला मी इरकल नेसून खुर्चीत बसले. कर्णा कोकलत होता, हलगी कडाडत होती. लक्षी थरथरत उभी. मामा कासेला हात लावून म्हणत होते, "सोड गं, बाय माझी, सोड." पण तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. बादलीचा तळसुद्धा झाकला नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामा, म्हस हाय का रेडा?" मांडव हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

फेटा समोरच्या गवळ्याला मिळाला. मग मांडवामागं पान्ह्याच्या इंजेक्शनची रिकामी बाटली सापडली. ती कुणी वापरली ते आजवर कळलं नाही, पण त्या दिवसापासून पेठेतला एकेक गवळी दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागला. आणि मामांचं तर निराळंच. "एवढुसं दूध देणारी म्हैस, मग रोजची किटली कशानं भरते?" असं म्हणून आमच्या बोळातल्या दोन घरांनी रतीब तोडला. माप उपडं करून करून कमावलेलं नाव एका सकाळीत गेलं.

संध्याकाळी मी गोठ्यावर गेले. मामा लक्षीची पाठ चोळत होते. समजूत घालायची तर मी काय म्हणावं? "मामा, पुढच्या वर्षी तुम्हीपण सुई द्या की. सगळेच देत असतील, तर आपणच का मागं राहायचं?"

 त्यांचा पाठ चोळणारा हात थांबला नाही.

आता मामा नाहीत, गोठ्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. दूध पिशवीतून येतं, तिला उपडं काय करणार! नात स्पर्धेत ढाल जिंकून आली की मी आधी विचारते, "दुसरी कोण आली गं? बोलता ना अजून दोघी?" सून म्हणते, आईंना कशाचं कौतुकच नाही. आहे, बाई, कौतुक आहे. भरवसा नाही.

गोठ्यावर तो सल्ला देऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा नेहमीच्या वेळी दारात आले. मी पातेलं पुढं केलं. त्यांनी माप उपडं करून दाखवलं, पण दूध घातलं नाही. माझ्याकडं बघत म्हणाले,

"रोज माझं माप बघून घेतासा न्हवं? आज तुमचं पातेलं उपडं करून दावा, बाई. मागनं बोलायचं न्हाय."