छावणीचं कार्ड

शेजारच्या ट्रॉलरवाल्याचं वाटोळं होऊ दे, असं मी जत्रेच्या दिवशी देवळात मागितलं होतं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमच्या ट्रॉलरवर तेव्हा एक लंकेचा तमिळ खलाशी होता. तिकडच्या लढाईत त्याचं घर जळलं, भाऊ मारला गेला, आणि तो बायको-मुलीला घेऊन तामिळनाडूतल्या निर्वासितांच्या छावणीत आला. त्या दोघी तिथेच राहिल्या, हा काम शोधत मालवणला पोचला. फाटलेलं जाळं शिवण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कुणी नव्हता. चार वर्षांत तो आमच्यासारखा बोलू लागला, आईच्या माशांच्या कढीला नावं ठेवायलाही शिकला. शेजाऱ्याने त्याला दोनदा आपल्याकडे बोलावलं. तो गेला नाही, आणि ते शेजाऱ्याच्या डोक्यात राहिलं.

मग दहशतवादी समुद्रातून मुंबईत शिरले. किनाऱ्यावर जो तो परक्या माणसाकडे संशयाने बघायला लागला. भीती खरी होती, मलाही वाटत होती. गावात किनाऱ्यावर नजर ठेवायला समिती झाली, शेजाऱ्याला शिट्टी आणि जाकीट मिळालं. लगेच त्याने पोलिसांना सांगितलं, की आमचा खलाशी खाडीच्या तोंडाची मापं घेतो आणि कसल्यातरी लिपीत वहीत लिहून ठेवतो. वहीत तो बायकोला पत्रं लिहायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

पोलीस त्याला घेऊन गेले. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्याचा ओठ सुजलेला होता. म्हणाला, "बाय, कार्ड शेटकडे आसा. हाडून दी."

शेट म्हणजे माझे बाबा. कार्ड म्हणजे छावणीत नोंद असल्याचं ओळखपत्र, त्यावर तिघांचा फोटो. खलाशाने हंगाम मधेच टाकून जाऊ नये म्हणून मालक त्याचा कागद स्वतःकडे ठेवून घेतात, ही किनाऱ्यावरची रीतच. मी बाबांना विचारलं. ते जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "नारळी पुनवेकच परत दिलंय तेका."

मी बाबांवर विश्वास ठेवला. मार खाऊन त्याला आठवत नसेल, असं स्वतःला सांगितलं. त्याच्या खोपीत शोधलं, तिथे कार्ड नव्हतं. मग ते शेजाऱ्यानेच चोरलं, हे मी मनाशी पक्कं केलं.

कणकवलीचे वकील म्हणाले, "दहशतवाद्यांना पकडायलाच हवं. पण म्हणून जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, हा नियम मोडता येत नाही. कार्ड आणा. कार्ड दाखवलं तर त्याला छावणीत परत पाठवतील. नाहीतर घुसखोर म्हणून लंकेला पाठवतील. तिथे अजून लढाई चालू आहे."

एक महिना हेलपाटे घातले. कार्ड काही मिळेना. जत्रा आली तेव्हा मी मानकऱ्याचे पाय धरले आणि म्हटलं, गाऱ्हाण्यात एवढं घाला. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्या गावाच्या वतीने सांगणं. त्यात 'व्हय म्हाराजा' म्हटलं की ते प्रत्येकाच्या अंगाला लागतं. शेजाऱ्याने आपल्या तोंडाने स्वतःवर शाप ओढवून घ्यावा, हे मला हवं होतं.

मानकऱ्याने नारळ हातात धरला. "बा देवा म्हाराजा, जेना कोणी आमच्या आसऱ्याक इल्लल्या माणसाविरुद्ध खोटा सांगल्यान, जेना कोणी तेचो कागद दडयल्यान, तेका तू सोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज शेजाऱ्याचा. निर्लज्ज मेला! मी त्याच्याकडे डोळे फाडून बघत होते, म्हणून त्याच्या बाजूला उभे असलेले बाबा दिसले. दरवर्षी गाऱ्हाण्यात बाबांचा आवाज गावाच्या वर जायचा. त्या दिवशी त्यांचे ओठ मिटलेले होते.

मी प्रसाद न घेता घरी आले आणि बाबांची ट्रंक उघडली. ट्रॉलरच्या लायसनखाली कार्ड होतं.

बाबा मागोमाग आले. "कार्ड भायर इला असता तर, परदेशी माणूस जाणून ठेवलंय म्हणान लायसन गेला असता गो. मगे तुमी खातलास काय?"

सकाळच्या पहिल्या एसटीने कार्ड घेऊन वकिलांकडे गेले. त्यांनी फोन लावला, ऐकलं आणि खाली ठेवला. त्याला चार दिवसांपूर्वीच लंकेला पाठवलं होतं. त्यानंतर त्याची काही खबर नाही. छावणीच्या पत्त्यावर मी बायकोला तीन पत्रं पाठवली, तीही परत आली.

शेजाऱ्याचं काहीही वाटोळं झालं नाही. त्याच्या ट्रॉलरला नवीन इंजिन बसलं. बाजारात समोर आला की मी सरकत नाही, त्यालाच सरकावं लागतं.

कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं, कुलदेवतेच्या पायाशी, फोटो पुढे करून. बाबा दुसऱ्या दिवशी अंघोळ करून पूजेला बसले आणि थांबले.

"ह्यां हंयसून काढ गो."

"तुमीच सांभाळून ठेवलेलास मां? आता देव सांभाळतलो."

त्यांनी ते काढलं नाही, मीही नाही. मरेपर्यंत रोज सकाळी बाबा त्या तिघांसमोर हात जोडून बसत, आणि पूजा होईपर्यंत मी दारात उभी राहत असे.